कवटी शाबूत, खुबा झिजला

सुनीता विल्यम्स मार्च 2025 मध्ये 286 दिवसांनी परतल्या, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच फॉरवर्ड तिघांनी टाकला: 'अंतराळातल्या घातक किरणांमुळे हाडं ठिसूळ!' जुलैत शुभांशु शुक्ला उतरले, तर तोच मजकूर नाव बदलून परत आला. हाडं झिजतात, त्यात वाद नाही. पण चोर सोडून संन्याशाला सुळी देणं थांबवा. स्थानकावरच्या झिजेचा खरा चोर किरण नव्हेत, वजनरहित अवस्था आहे.

रेडिएशन, म्हणजे फॉरवर्डमधले ते घातक किरण, सगळ्यांना ठाऊक आहे, ते काय असतं यावर शाई खर्च करत नाही. वजनरहित अवस्थेबद्दल एवढंच: आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण इथल्याच्या जवळपास 90 टक्के आहे. स्थानक आणि माणसं एकत्रच पडत असतात, म्हणून पायाखालची जमीन पायांना रेटत नाही. 'शून्य गुरुत्वाकर्षण' छापणाऱ्यांवर माझा वेगळा राग आहे, तो पुन्हा कधीतरी.

आता मुद्द्याचं. झीज नेमकी कुठे होते ते बघा. खुबा, मांडीचं हाड, कंबरेचे मणके, म्हणजे इथे ज्यांच्यावर आपण उभे असतो ती हाडं महिन्याला साधारण एक ते दीड टक्का घनता गमावतात. हाताच्या हाडांना फारसं काही होत नाही. कवटीची घनता तर तशीच राहते, कधी किंचित वाढतेसुद्धा. वैश्विक किरण काय खुबा बघून शिरतात आणि डोकं बघून वळसा घालतात? ते अख्ख्या अंगातून आरपार जातात. झीज मात्र भार उचलणाऱ्या हाडांतच होते.

तरी पटत नसेल, तर जमिनीवरचा प्रयोग घ्या. धडधाकट माणसांना डोक्याकडून सहा अंश खाली कललेल्या पलंगावर आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात. जेवण, अंघोळ सगळं आडव्यानेच. किरणांचा संबंध नाही, तरी हाडं झिजतात. तेही नको असेल, तर प्लास्टर कापलेला पाय आठवा. माझ्या मावशीचा सहा आठवड्यांनी बाहेर आला तेव्हा पोटरी मनगटाएवढी वाटत होती आणि नव्या एक्स-रेत घोट्याजवळची हाडं फिकी दिसत होती. मावशी काही अंतराळात गेली नव्हती.

कारण असं, की हाडाच्या आत बसलेल्या पेशी दाब मोजत असतात. दाब गेला की त्या बांधकाम थांबवतात. हाड खाणाऱ्या पेशी मात्र कामावर हजर! सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं, म्हणून अंतराळवीरांना मुतखड्याचीही धास्ती.

रेडिएशनचा मार्ग निराळा. ते हाडाच्या आतल्या मज्जेतल्या, हाड बांधणाऱ्या पेशींच्या बियाण्यालाच मारतं. उंदरांना एकदम 2 ग्रे (अंगात मुरलेलं रेडिएशन मोजायचं एकक) डोस दिला, तर आतलं जाळीदार हाड सुमारे एक तृतीयांश उडालं. कॅन्सरसाठी ओटीपोटावर रेडिएशनचा शेक घेतलेल्या वयस्क बायकांत पुढे खुब्याचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. म्हणजे रेडिएशन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पण स्थानक बरेचसे किरण अडवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकीय छत्रीखाली फिरतं आणि सहा महिन्यांतला तिथला डोस त्या उंदरांच्या डोसाच्या आसपासही जात नाही.

इलाजही हेच सांगतो. ट्रेडमिलवरचे फोटो सगळे छापतात, पण हाडांसाठी मला मोलाचं वाटतं ते 2008 पासून स्थानकात असलेलं जोर लावायचं यंत्र. निर्वात नळकांड्यांच्या विरुद्ध ढकलायचं, 270 किलोपर्यंतचा भार मिळतो. त्यावर बैठका मारल्या, खाणंपिणं नीट ठेवलं की झीज बरीच आवरते. किरणांनी मारलेल्या पेशी बैठकांनी उठून बसल्या असत्या का?

आणखी एक खोड: 'घनता' आणि 'ताकद' एकच समजणं. घनता दीड टक्का गेली, तरी खुब्याची ताकद महिन्याला अडीच टक्क्यांच्या घरात घटलेली दिसली आहे. कारण आतल्या जाळीच्या काड्या एकदा तुटल्या की नवं हाड चढायला आधारच उरत नाही. परतल्यावर हाड बाहेरून रुंद होतं, वजन भरून येतं, रिपोर्ट बरा दिसतो, आतली जाळी मात्र विरळच. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 17 अंतराळवीरांपैकी 9 जणांची नडगी वर्षभरानंतरही पूर्ववत झाली नव्हती.

मंगळाचा प्रवास निघेल तेव्हा हिशोब बदलेल. तिथे छत्री नाही. क्युरिऑसिटी यान मंगळाकडे जाताना आतल्या उपकरणाने दिवसाला 1.8 मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशनचा शरीरावरचा परिणाम मोजायचं एकक) आसपास डोस नोंदवला होता, स्थानकाच्या दुपटीहून जास्त. महिनोन्‌महिने भार नाही आणि वर बांधणाऱ्या पेशींवर मारा, हे दोन्ही एकत्र माणसाने अजून सोसलेलं नाही. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलोची सर्वांत लांब मोहीमही साडेबारा दिवसांत आटोपली होती. तेव्हा किरणांचं फॉरवर्ड जपून ठेवा, तिथे उपयोगी पडेल.