एल-सी परिपथातील प्रभाराचे दोलन

भारित धारित्र प्रवर्तकाला जोडले असता धारित्रावरील विद्युत प्रभार ठरावीक वारंवारतेने उलटसुलट होत राहतो. या क्रियेला एल-सी दोलन म्हणतात. ‘एल’ हे प्रवर्तकतेचे आणि ‘सी’ हे धारकतेचे रूढ चिन्ह आहे. व्यवहारात धारित्राला कपॅसिटर आणि प्रवर्तकाला कॉइल, चोक किंवा रिॲक्टर म्हणतात. रेडिओत हे दोलन मुद्दाम घडवून आणावे लागते. कारखान्यातील कपॅसिटर बँकेत (एकत्र जोडलेल्या कपॅसिटरांच्या संचात) आणि सर्किट ब्रेकरमध्ये (बिघाड होताच वीज तोडणाऱ्या स्विचमध्ये) मात्र ते बोलावल्याशिवायच येते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत या दुसऱ्या प्रकाराशीच अधिक गाठ पडते.

क्रिया

धारित्रातला प्रभार संपला की सारे शांत व्हायला हवे, असे वाटणे साहजिक आहे. धारित्र नुसत्या रोधातून (रेझिस्टन्समधून) रिकामे केले तर तसेच होते. कॉइलमधून रिकामे केले तर होत नाही, आणि विषयाचे मर्म इथेच आहे.

सुरुवातीला सगळी ऊर्जा धारित्राच्या विद्युत क्षेत्रात असते आणि धारा (करंट) शून्य असते. परिपथ जोडताच धारा वाहू लागते, पण कॉइल धारेतील कोणत्याही बदलाला विरोध करते. त्यामुळे धारा एकदम उसळत नाही, चढत जाते. ज्या क्षणी धारित्र पूर्ण रिकामे होते, नेमक्या त्याच क्षणी धारा सर्वाधिक असते आणि सगळी ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात गेलेली असते. आधी धारेला वाढू न देणारी कॉइल आता तिला थांबू देत नाही. यू आकाराच्या नळीत एका बाजूला चढवलेले पाणी सोडून दिले तर ते समपातळीवर न थांबता दुसऱ्या बाजूला चढते, तसाच हा प्रकार. धारा पुढे रेटली जाते, धारित्राच्या पट्ट्या उलट चिन्हांनी भारित होतात, धारा शून्यावर येते आणि मग तोच प्रवास परत सुरू होतो.

विद्यार्थ्यांचा एक गैरसमज हमखास आढळतो. प्रभार पट्ट्यांमधली फट ओलांडून उडी मारत नाही. इलेक्ट्रॉनांची ये-जा कॉइलच्या तारेतूनच होते.

प्रवर्तकता आणि धारकता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याला ६.२८ ने गुणले की एका दोलनाचा काळ मिळतो. प्रभार किती भरला यावर हा काळ अवलंबून नसतो. प्रभार आणि धारा यांच्यात पाव दोलनाचे अंतर राहते.

आकड्यांत

१० मायक्रोफॅरडचा धारित्र १२ व्होल्टला भारित करून १०० मिलिहेन्रीच्या कॉइलला जोडला असे समजू. त्यावरील प्रभार १२० मायक्रोकूलोम आणि ऊर्जा ७२० मायक्रोज्यूल. एक दोलन सुमारे ६.२८ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे वारंवारता साधारण १५९ हर्ट्झ. धारेची शिखरमर्यादा १२० मिलिअँपिअर.

हे झाले आदर्श परिपथाचे. कॉइलच्या तांब्याला रोध असतोच. तो २० ओहम धरला तर प्रत्येक दोलनाअंती आयाम (दोलनाचा कमाल आवाका) जवळपास निम्म्यावर येतो, आणि चार-पाच फेऱ्यांत ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर फारसे काही उरत नाही. याला अवमंदन म्हणतात. याच परिपथातील एकूण रोध २०० ओहमवर नेला की दोलन बंदच पडते. प्रभार एकाच दिशेने उतरून शून्याकडे जातो. प्रयोग करणाऱ्याने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरू नये. प्रत्येक दोलनात अर्धा वेळ त्याच्यावर उलटा दाब (व्होल्टेज) येतो, आणि तो त्याला सोसत नाही.

इतिहास

लेडन बरणीचे (काचेच्या बरणीच्या जुन्या धारित्राचे) विसर्जन एकाच दिशेने होत नसून मागे-पुढे होते, असा निष्कर्ष अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८४२ मध्ये मांडला. ठिणगीजवळ ठेवलेल्या सुया कधी एका, कधी उलट दिशेने चुंबकित होत, यावरून त्यांनी तो काढला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५३ मध्ये त्याचे गणित दिले. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये केलेल्या विद्युतचुंबकीय तरंगांच्या प्रयोगांत अशीच ठिणगीची दोलने वापरली.

रेडिओ

मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला लागते. ती पकडण्यासाठी एल-सी परिपथाची वारंवारता तिच्याशी जुळवावी लागते; त्याला सुमारे २२३ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ३६५ पिकोफॅरडचा धारित्र अशी जोडी पुरते. जुन्या संचातली बटण फिरवल्यावर सरकणारी ॲल्युमिनियमची पाती म्हणजे हाच धारित्र. नाशिक आकाशवाणी एफएमवर १०१.४ मेगाहर्ट्झला आहे. तिथे ०.१ मायक्रोहेन्री, म्हणजे तारेचे मोजके वेढे, आणि सुमारे २५ पिकोफॅरड एवढेच लागते. इतक्या लहान धारकतेत हात जवळ नेला तरी फरक पडतो.

कपॅसिटर बँक

पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सुधारण्यासाठी कारखाने कपॅसिटर बँक बसवतात. अडचण अशी, की रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची) प्रवर्तकता आणि बँकेची धारकता मिळून आपोआप एक एल-सी परिपथ तयार होतो, तो कोणी आराखड्यात काढलेला नसला तरी. ५०० केव्हीएचे, ४ टक्के इम्पिडन्सचे (अंतर्गत अडथळ्याचे) रोहित्र आणि २५० केव्हीएआरची बँक घेतली तर या परिपथाची नैसर्गिक वारंवारता सुमारे ३५४ हर्ट्झ येते. मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हमधून निघणारी सातवी हार्मोनिक (विजेच्या ५० हर्ट्झच्या सातपट वारंवारतेची लहर) ३५० हर्ट्झची असते. दोन्ही जुळल्या की अनुस्पंदन (रेझोनन्स) होते, धारा कैकपटींनी वाढते, कपॅसिटर फुगतात आणि फ्यूज उडतात. दोष अनेकदा कपॅसिटरच्या दर्जाला दिला जातो. बँकेतल्या पायऱ्या (गरजेनुसार जोडले-सोडले जाणारे कपॅसिटरचे गट) कमी-जास्त होताच ही वारंवारता सरकत असल्याने बिघाड कधी दिसतो, कधी नाही, आणि शोधणारा वैतागतो.

उपाय म्हणून प्रत्येक पायरीला ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिॲक्टर जोडतात. त्यामुळे त्या शाखेची वारंवारता मुद्दाम १८९ हर्ट्झवर, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झपेक्षा खाली, आणून ठेवली जाते.

सर्किट ब्रेकर

सातपूर-अंबड परिसरात स्विचगिअरचे (ब्रेकरसारख्या वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे) कारखाने आहेत, आणि त्यांच्या उत्पादनाची खरी कसोटी एल-सी दोलनच घेते. शॉर्टसर्किटची धारा शून्यातून जात असताना ब्रेकर ती तोडतो. त्याच क्षणी वीजजाळ्याची प्रवर्तकता आणि आसपासच्या उपकरणांची किरकोळ धारकता दोलू लागतात. संपर्कबिंदूंमधला दाब काही किलोहर्ट्झ ते दहा-वीस किलोहर्ट्झच्या वेगाने चढतो आणि साध्या एकफेजी परिपथात अवमंदन नसेल तर मूळ शिखराच्या दुप्पट होऊ शकतो. संपर्कांमधली फट तेवढ्या वेळात दाब सोसण्याइतकी सावरली नाही, तर कमान (संपर्कांमधली विजेची ज्योत, आर्क) पुन्हा पेटते.

मोठ्या ब्रेकरच्या चाचणीत पूर्ण धारा आणि पूर्ण दाब एकाच स्रोतातून देणे परवडत नाही. म्हणून सिंथेटिक चाचणीत धारा एका स्रोतातून, कमी दाबाने देतात. धारा शून्यावर येण्याच्या सुमारास आधी भारून ठेवलेला मोठा धारित्र रिॲक्टरमधून ब्रेकरवर सोडतात. ब्रेकर टिकला की नाही, हे त्यानंतरच्या काही मिलिसेकंदांत ठरते.