मोटारींच्या काळ्या काचा (कायदेशीर मर्यादा)

मोटारीच्या काचेतून किमान किती प्रकाश आरपार गेला पाहिजे, हे ठरवणारे भारतातील नियम. बोलीभाषेत हा विषय ‘काळी काच’ किंवा ‘काळी फिल्म’ या नावाने ओळखला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 100 नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के दृश्य प्रकाश आत आला पाहिजे. या प्रमाणाला प्रकाश पारगमन किंवा ‘व्हीएलटी’ म्हणतात.

गल्लत होते ती या आकड्यांच्या अर्थात. कायदा काळेपणा मोजत नाही, उजेड मोजतो. त्यामुळे आकडा जितका मोठा तितकी काच स्वच्छ. ‘पन्नास टक्केवाली चालते’ असे ऐकून फिल्म लावणारा आणखी एक गोष्ट विसरतो. फिल्म कोऱ्या हवेवर नव्हे, काचेवर चिकटते आणि दोघांचे पारगमन एकमेकांनी गुणले जाते. कारखान्यातून आलेल्या हिरवट काचेचे पारगमन 75 टक्के असेल आणि तिच्यावर 70 टक्क्यांची फिल्म चढवली, तर उरतात साडेबावन्न टक्के. तीच फिल्म 70 टक्क्यांच्या काचेवर लावली की 49. म्हणजे मर्यादा ओलांडली. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. त्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना धरायचे मापक लागते, आणि ते दर नाक्यावर असतेच असे नाही.

27 एप्रिल 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेवर निकाल देऊन हा टक्केवारीचा वाद मुळातूनच बाजूला सारला. अपहरण, दरोडे यांसारख्या गुन्ह्यांत काळ्या काचांचा आडोसा घेतला जातो, हा याचिकेतला मुख्य मुद्दा होता. नियमातली टक्केवारी ही काच तयार होतानाची अट आहे; गाडी रस्त्यावर आल्यावर त्या काचेवर कोणत्याही टक्क्याची फिल्म चिकटवता येणार नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. 4 मे 2012 पासून बंदी अमलात आली. फिल्म-विक्रेत्यांच्या अर्जांनंतरही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती कायम राहिली. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांपुरती सवलत ठेवण्यात आली. कारखान्यातच रंगवलेली काच मात्र मर्यादेत असेल तर तेव्हाही वैध होती आणि आजही आहे.

त्या दिवसांत पोलीस नुसती पावती फाडून थांबत नसत. फिल्म जागेवरच सोलून काढत. कोपरा नखाने उचलायचा आणि ओढायचे. जुनी फिल्म अशी निघत नाही, तिचा गोंद काचेवर राहतो. मागच्या काचेवर दव घालवण्यासाठी ज्या बारीक तारा असतात, त्याही ब्लेडने खरवडताना तुटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 खालचा दंड पूर्वी पहिल्या वेळी 100 रुपये आणि पुढे 300 होता; 2019 च्या दुरुस्तीने तो 500 आणि 1500 झाला.

1 एप्रिल 2021 पासून नियम 100 मध्ये ‘सेफ्टी ग्लास’बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला. त्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही बसते. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितले, की 70 आणि 50 टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. इतर राज्यांत मात्र वाहनधारकाने या निकालाच्या भरवशावर निर्धास्त राहणे धाडसाचेच.

काळ्या काचेचे समर्थन बहुधा उन्हाच्या नावाने होते. ते अर्धेच खरे आहे. सूर्याच्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग अवरक्त किरणांतून येतो आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. सिरॅमिक फिल्म जवळजवळ स्वच्छ दिसूनही त्यांतले बरेच किरण अडवते; उलट नुसती रंगवलेली स्वस्त फिल्म काळीकुट्ट असूनही गाडी तापू देते. शिवाय पुढची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेली असल्याने अतिनील किरण ती मुळातच जवळपास सगळे शोषून घेते.