मानसशास्त्रातील सांख्यिकी तक्ता : पार्श्वभूमी

मानसशास्त्रीय शोधनिबंधातील तक्ता दुरूनही ओळखू येतो. त्यात उभ्या रेघा नसतात आणि आडव्या रेघा मोजक्याच असतात. वर क्रमांक, त्याखाली तिरप्या अक्षरांतील शीर्षक आणि तळाशी ठरावीक क्रमाने येणाऱ्या टिपा अशी त्याची रचना असते. प्रबंध लिहिणाऱ्यांना हे नियम बहुधा मनमानी वाटतात, कारण ते एकाच पुस्तकात, एकाच सुरात सांगितलेले असतात. प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या वाचकांच्या गरजेतून आलेले आहेत. आरंभी तक्ता छापखान्याच्या सोयीने बेतला गेला, मग सार्थकतेचा, म्हणजे आढळलेला फरक निव्वळ योगायोगाचा नसावा याचा, निकाल सांगण्यासाठी, आणि पुढे त्यातले आकडे घेऊन पुन्हा गणित करू पाहणाऱ्या संशोधकासाठी.

लिखित नियमांची सुरुवात १९२९ मध्ये झाली. त्याच्या आदल्या वर्षी मानसशास्त्र आणि मानवशास्त्र या विषयांच्या नियतकालिकांचे संपादक व व्यवस्थापक एकत्र बसले होते. त्या बैठकीतून तयार झालेल्या हस्तलिखितविषयक सूचना ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’मध्ये अवघ्या सात पानांत प्रसिद्ध झाल्या. लेखकाच्या शैलीला वळण लावण्यापेक्षा छपाईचा खर्च आणि संपादकांचा वेळ वाचवणे हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी तक्ता हा मजकुराचा सर्वांत महागडा भाग होता. प्रत्येक आकडा रकान्यात नेमक्या जागी बसवावा लागे, आणि आडव्या रेघांना छेदणाऱ्या उभ्या रेघा बसवणे जुळाऱ्यासाठी जिकिरीचे असे. १९४४ मध्ये या सूचना ३२ पानांच्या झाल्या. १९५२ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची, सुमारे ६० पानांची स्वतंत्र नियमपुस्तिका निघाली आणि तिच्याच आवृत्त्या आजवर चालू आहेत. टंकलेखन यंत्राच्या काळाची खूणही या परंपरेत राहिली आहे. टंकलिखितात सांख्यिकी चिन्हांखाली रेघ ओढली की छापताना ते अक्षर तिरपे घ्यायचे, असा जुळाऱ्याला संकेत असे. यंत्र गेले, रेघ गेली, चिन्हे मात्र अजून तिरपीच आहेत.

तक्त्यात काय असावे, हा प्रश्न मात्र छापखान्याबाहेर सुटत होता. रोनाल्ड फिशर यांनी रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम करताना १९२५ मध्ये संशोधकांसाठी सांख्यिकी पद्धतींचे पुस्तक लिहिले आणि त्यातून प्रसरण विश्लेषणाचा (अनेक गटांच्या सरासरींतील फरक तपासण्याच्या पद्धतीचा) तक्ता सर्वत्र पोहोचला. विचलनाचा स्रोत, वर्गांची बेरीज, डिग्रीज ऑफ फ्रीडम, मध्यवर्ग असे त्याचे रकाने शेतातील प्रयोगांसाठी आखलेले होते. मानसशास्त्राने ते पुढच्या दोन-तीन दशकांत जवळजवळ जसेच्या तसे स्वीकारले. याच पुस्तकाच्या कोष्टकांतून दुसरी, अधिक खोलवर रुजलेली सवय आली. ती कोष्टके निवडक संभाव्यतांसाठीच मांडलेली होती; संभाव्यता म्हणजे खरा फरक नसतानाही निदान इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. हाताने गणित करणारा संशोधक आपले मूल्य कोष्टकातील मूल्याशी ताडून पाही आणि ते .०५ च्या पातळीला ओलांडते की .०१ च्या, एवढेच त्याला कळे. नेमकी संभाव्यता काढणे फार कष्टाचे असल्याने ‘.०५ पेक्षा कमी’ असे लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग होता. आकड्याशेजारी एक तारका म्हणजे पाच टक्के आणि दोन तारका म्हणजे एक टक्का हा संकेत या परिस्थितीत सोयीचा ठरला आणि तक्त्याच्या तळटिपेत कायमचा वस्तीला आला.

तारकांचा तोटा असा झाला की वाचकाची नजर आकड्यावरून उडून तारकेवर जाऊ लागली. फरक किती मोठा आहे यापेक्षा तारका आहे की नाही याला महत्त्व आले. जेकब कोहेन यांनी १९६२ मध्ये असामान्य व सामाजिक मानसशास्त्राच्या एका प्रमुख नियतकालिकातील एका वर्षाचे अभ्यास तपासले. मध्यम आकाराचा परिणाम खरोखर असला, तरी तो या अभ्यासांत सार्थक ठरण्याची सरासरी शक्यता जेमतेम .४८ असल्याचे त्यांना आढळले. या निष्कर्षाचा तक्त्यांच्या रूपावर कित्येक वर्षे काहीच परिणाम झाला नाही, ही माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

बदल घडवला तो वेगळ्याच वाचकाने. १९७६ मध्ये जीन ग्लास यांनी ‘मेटा-अॅनालिसिस’ (अनेक अभ्यासांच्या निकालांचे एकत्रित विश्लेषण) ही संज्ञा वापरात आणली आणि पुढच्याच वर्षी मेरी ली स्मिथ यांच्यासह मानसोपचारांच्या परिणामकारकतेवरील ३७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. अशा कामासाठी प्रत्येक गटाची सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) आणि नमुन्याची संख्या लागते. नुसती तारका किंवा ‘सार्थक नाही’ हा शेरा तिथे निरुपयोगी ठरतो. ज्या जुन्या निबंधांत प्रमाण विचलन दिलेले नव्हते, तिथे टी किंवा एफ या सार्थकता चाचण्यांच्या मूल्यावरून उलटे गणित करून परिणामाचा आकार, म्हणजे फरक किती मोठा आहे याचे माप, शोधावा लागे आणि काही निबंधांत तेही शक्य नसे. सहसंबंधांच्या (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात हे दाखवणाऱ्या आकड्यांच्या) तक्त्यात सुरुवातीलाच सरासरी आणि प्रमाण विचलन यांचे रकाने देण्याच्या पद्धतीमागेही हेच कारण आहे, कारण सहसंबंध, हे दोन रकाने आणि नमुन्याची संख्या हाती असली की मूळ विदा नसतानाही दुसरा संशोधक समाश्रयणाचे (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याचे) विश्लेषण पुन्हा करून पाहू शकतो. या तक्त्याचा अर्धा भाग रिकामा असतो तो मात्र केवळ काटकसरीपोटी, कारण कर्णाच्या दोन्ही बाजूंना तेच आकडे येतात.

१९९४ च्या चौथ्या आवृत्तीत परिणामाचा आकार देण्यास प्रोत्साहन दिले गेले, पण ते प्रोत्साहनच राहिले. त्याच वर्षी कोहेन यांनी सार्थकता चाचण्यांवर कडक टीका करणारा लेख लिहिला. विश्वास अंतराल (खरे मूल्य ज्या मर्यादांत असण्याचा अंदाज असतो तो पट्टा) न छापण्याचे कारण ते लाजिरवाणे वाटण्याइतके रुंद असतात हे असावे, असा टोला त्यांनी त्यात हाणला. सार्थकता चाचणीवर बंदीच घालावी की काय, इथवर वाद पोहोचल्यावर १९९६ मध्ये एपीएच्या वैज्ञानिक व्यवहार मंडळाने एक कृतिदल नेमले. लीलंड विल्किन्सन यांच्या नावाने १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात बंदीची शिफारस नव्हती. नेमके पी मूल्य (म्हणजे वर सांगितलेली संभाव्यता), परिणामाचा आकार आणि विश्वास अंतराल द्यावेत, असा आग्रह मात्र त्यात होता. त्यानंतरच्या आवृत्त्यांत हा आग्रह हळूहळू नियम झाला आणि तक्त्यात नवे रकाने आले. तारकाही गेल्या नाहीत. आज एकाच तक्त्यात नेमके पी मूल्य आणि तारका दोन्ही छापलेली दिसतात तेव्हा, माझ्या मते, जुनी सवय आणि नवा नियम शेजारी-शेजारी नांदत असतात.

दरम्यान गणिताचे काम संगणकाकडे गेले होते. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड येथे तयार झालेल्या एसपीएसएस या सांख्यिकी संगणक-प्रणालीने सामाजिक शास्त्रांतील आकडेमोड सोपी केली, पण त्याचे तक्ते नियमपुस्तिकेपेक्षा वेगळे दिसत आणि त्यातले आकडे हाताने उतरवून घ्यावे लागत. तीनच दशांश दाखवण्याच्या पद्धतीमुळे अत्यंत लहान पी मूल्य पडद्यावर .००० असे उमटे आणि निबंधातही तसेच उतरे. संभाव्यता शून्य असू शकत नसल्याने तिथे ‘.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे लागते. दशांश चिन्हाआधी शून्य न लिहिण्याचा संकेतही असाच तर्कशुद्ध आहे. पी आणि सहसंबंध गुणांक यांचे मूल्य एकापलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून त्यांच्यापुढे शून्य नको. प्रमाण विचलन एकापेक्षा मोठे असू शकते, म्हणून तिथे ते हवे.

हाताने उतरवण्याची किंमत किती होती याचा अंदाज २०१६ मध्ये आला. मिशेल नाउटेन आणि सहकाऱ्यांनी ‘स्टॅटचेक’ या प्रणालीने आठ नियतकालिकांतील १९८५ ते २०१३ या काळातील अडीच लाखांहून अधिक पी मूल्ये तपासली. जवळजवळ निम्म्या निबंधांत किमान एक मूल्य सोबतच्या आकड्यांशी विसंगत होते आणि साधारण आठांपैकी एका निबंधात ती विसंगती सार्थकतेचा निर्णय उलटवू शकेल इतकी मोठी होती. ही तपासणी शक्य झाली ती निकाल एकाच साच्यात लिहिण्याच्या सक्तीमुळे, पण हा साचा मजकुरातील वाक्यांचा होता. तक्त्यातील आकडे या प्रणालीला वाचता येत नाहीत. त्यामुळे निबंधात जिथे आकड्यांची सर्वाधिक दाटी असते, तोच भाग या तपासणीच्या बाहेर राहिला. आर या सांख्यिकी संगणक-भाषेतील अॅपाटेबल्स आणि पापाया ही पॅकेजे, तसेच नियमानुसार मांडलेला तक्ता थेट देणारे जास्पसारखे सॉफ्टवेअर याच सुमारास पुढे आले. विश्लेषणातून थेट तक्ता तयार होत असल्याने मधली उतरवण्याची पायरीच त्यांनी काढून टाकली.