सेक्रेटेरियल शिक्षण

लघुलेखन, टंकलेखन, पत्रव्यवहार, हिशेब आणि कचेरीतील रीतिरिवाज यांचे खाजगी शाळांतून एकत्रितपणे दिले जाणारे शिक्षण. ब्रिटन व अमेरिकेत त्याचा प्रसार साधारणपणे १८८० ते १९३० या काळात झाला. ‘सेक्रेटरी’साठी मराठीत ‘चिटणीस’ हा शब्द रूढ असला, तरी तो येथे पुरेसा नाही. चिटणीस (चिट्ठीनवीस) हा मराठेशाहीतील दरबारी पत्रव्यवहाराचा मानकरी. येथे अभिप्रेत असलेली सेक्रेटरी म्हणजे पगारी नोकर, आणि तीही बहुधा अविवाहित तरुणी. म्हणून नोंदीत इंग्रजी शब्दच ठेवला आहे.

या शिक्षणाचा जुना भाग लघुलेखनाचा. आयझॅक पिटमन याने आपली ध्वनिलेखनपद्धती १८३७ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८४० मध्ये एक पेनीचे टपाल (ब्रिटनमध्ये कोठेही एका पेनीत पत्र पाठवण्याची सोय) सुरू होताच टपालाने धडे देण्यास आरंभ केला. लंडनमधील पिटमन शाळा १८७० ची. या पद्धतीत ‘प’साठी उजवीकडे झुकत खाली येणारी बारीक तिरपी रेघ असते, तीच दाबून जाड काढली की ‘ब’ होतो. उभी बारीक रेघ म्हणजे ‘ट’, जाड म्हणजे ‘ड’. अघोष बारीक व घोष जाड ही विभागणी वर्णमाला पाठ असलेल्या मराठी वाचकाला चटकन उमजेल. स्वर रेघेच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी ठिपक्याने वा लहान आडव्या रेघेने दाखवतात. वेग वाढला की ते गाळले जातात आणि मग शब्द रेघांच्या आकारावरून, कागदावरील जागेवरून व संदर्भावरून ओळखावा लागतो. जॉन रॉबर्ट ग्रेग याने १८८८ मध्ये लिव्हरपूल येथे प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाड-बारीक हा भेद नाही. तीत रेघेच्या लांबीवरून ‘ट’ व ‘ड’ वेगळे होतात आणि स्वर वर्तुळांनी व आकडीसारख्या वळणांनी ओघातच लिहिले जातात. ग्रेग पुढे अमेरिकेस गेला व तेथे त्याचीच पद्धती रुजली. ब्रिटन व हिंदुस्थानात पिटमनचे वर्चस्व टिकले.

टंकलेखन यंत्र मिलवॉकी येथील क्रिस्टोफर शोल्स याचे. रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ च्या सुमारास बाजारात आणले. कळफलकावरील क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय या क्रमाबद्दल एकमत नाही. एकामागोमाग येणाऱ्या अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती अक्षरे दूर ठेवली, हे स्पष्टीकरण सर्वाधिक प्रचलित आहे. जपानी अभ्यासक कोइची व मोतोको यासुओका यांनी २०११ मध्ये ते अमान्य करून हा क्रम मोर्स संदेश उतरवून घेणाऱ्या तारयंत्रचालकांच्या सोयीतून टप्प्याटप्प्याने घडला असे मांडले. क्रम एकदम ठरला नाही, अनेकदा बदलत गेला, हा त्यांच्या प्रतिपादनाचा भाग अधिक ग्राह्य वाटतो.

कळांकडे न पाहता टंकलेखन करण्याची स्पर्शपद्धती कोणाची, हा वाद अधिक गुंतागुंतीचा आहे. सॉल्ट लेक सिटीतील न्यायालयीन लघुलेखक फ्रँक मॅक्गरिन याला तिचे श्रेय बहुधा दिले जाते. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे झालेल्या ५०० डॉलरच्या स्पर्धेत त्याने लुई ट्राउब याला हरवले. श्रुतलेखन व नकल असे स्पर्धेचे दोन भाग होते. नकल करताना मॅक्गरिनची नजर मजकुरावरून हलत नसे. याचा त्याला उघडच फायदा झाला. ट्राउबचे यंत्र कॅलिग्राफ या दुसऱ्या बनावटीचे होते व त्यावर मोठ्या आणि लहान अक्षरांसाठी वेगवेगळ्या कळा होत्या. ट्राउब चार बोटे वापरी की आठ, याविषयी लेखकांत मतभेद आहेत; काहींनी त्याचे आडनावही ‘टाउब’ असे दिले आहे. त्यामुळे हरली ती बोटांची पद्धती, यंत्र की माणूस, हे या एका स्पर्धेवरून ठरवणे धाडसाचे होईल. शिवाय त्याच सिनसिनाटीत लघुलेखन व टंकलेखनाची शाळा चालवणाऱ्या श्रीमती लाँगली यांनी १८८२ मध्येच एक पाठपुस्तिका छापून सर्व बोटांचा वापर सुचवला होता. बोटांच्या वाटणीचे श्रेय लाँगली यांना व न पाहता लिहिण्याच्या प्रसाराचे मॅक्गरिनला, अशी विभागणी सध्या तरी सयुक्तिक दिसते.

न्यूयॉर्कच्या वाय. डब्ल्यू. सी. ए. या ख्रिस्ती तरुणींच्या संस्थेने १८८१ मध्ये आठ तरुणींचा टंकलेखनाचा वर्ग काढला, असे सांगितले जाते. अमेरिकेतील लघुलेखक-टंकलेखकांत स्त्रियांचे प्रमाण १८८० मध्ये सुमारे ४० टक्के होते. १९०० मध्ये ते तीन-चतुर्थांशांवर गेले आणि १९३० मध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. मात्र सगळ्या शाळा एका तोलाच्या नव्हत्या. कॅथरिन गिब्ज या विधवेने आपल्या बहिणीसह १९११ मध्ये प्रॉव्हिडन्स येथील एक शाळा विकत घेतली आणि १९१७-१८ मध्ये बॉस्टन व न्यूयॉर्क येथे शाखा काढल्या. तिने उघडपणे सुखवस्तू घरांतील व महाविद्यालयीन मुलींवर लक्ष ठेवले. तिच्या विद्यार्थिनी टोपी व पांढऱ्या हातमोज्यांवरून ओळखू येत. चालणे, बोलणे, पोशाख हेही तेथे अभ्यासाचे विषय होते.

हे विषय आले ते मुलींच्या जुन्या खाजगी शाळांतून. इंग्लंडमध्ये अशा शाळांत नृत्य, संगीत व चित्रकला यांची फी बहुधा वेगळी आकारली जाई. नृत्याचा धडा म्हणजे पावलांइतकाच उभे राहण्याचा, दारातून आत येण्याचा धडा. राजदरबारात प्रथम सादर होणाऱ्या मुलींना गुडघा वाकवून करायचे अभिवादन लंडनमध्ये मिस व्हकानी ही नृत्यशिक्षिका शिकवीत असे. नृत्यशिक्षकांची संघटना लंडनच्या हॉटेल सेसिलमध्ये स्थापन झाली ती २५ जुलै १९०४ रोजी, म्हणजे योगायोगाने सिनसिनाटीच्या स्पर्धेच्याच तारखेस. पहिल्या महायुद्धानंतर जॅझबरोबर आलेल्या नव्या, बेशिस्त वाटणाऱ्या नृत्यांमुळे शिक्षक अस्वस्थ झाले. मे १९२० मध्ये एका नृत्यविषयक मासिकाचे संपादक पी. जे. एस. रिचर्डसन यांनी त्यांची बैठक बोलावली. १९२४ मध्ये संघटनेने बॉलरूम (जोडीने करायच्या) नृत्याची स्वतंत्र शाखा काढून पावले प्रमाणित केली. १९१९ मध्ये लंडनमध्ये उघडलेल्या हॅमरस्मिथ पॅले यासारख्या सार्वजनिक नृत्यगृहांमुळे हे नृत्य श्रीमंतांपुरते उरले नाही. दिवसभर यंत्रावर बसणाऱ्या मुलीही तिकीट काढून तेथे जाऊ शकत.

मुंबईत दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्स १९०० मध्ये आणि सिडनहॅम कॉलेज १९१३ मध्ये स्थापन झाले. पहिले खाजगी, दुसरे सरकारी. नृत्याचा भाग येथील शिक्षणात आला नाही. श्रुतलेखन व टंकलेखन आले आणि तेही दीर्घकाळ इंग्रजीतूनच. भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र गोदरेजने १९५५ मध्ये काढले. गावोगावच्या टायपिंग क्लासांत पहिल्या दिवशी डाव्या हाताने ‘ए एस डी एफ जी एफ’ आणि उजव्याने ‘सेमिकोलन एल के जे एच जे’ हा घोष पानभर गिरवावा लागे. पुढे सरकारी परीक्षेसाठी मिनिटाला ३० व ४० शब्द असा वेग ठरलेला असे.