माळ्यावर कोण चालतंय गा?

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे मामाच्या घरी जमलो होतो, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. घर जुनं, जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं आणि मागच्या पडवीला नंतर कधीतरी घातलेले पत्रे. जेवणं झाली, थंडी चांगलीच पडली होती, आणि भाच्यानं लॅपटॉप उघडून विचारलं, नाताळातली भुताची गोष्ट बघूया काय. आज्जी म्हणाली, "लाव की, पण रात्री मागं जायला भ्या वाटंल असलं काय लावू नको."

त्यानं 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेचा एक एपिसोड लावला. सहाव्या सीझनमधला, अमेरिकेत १३ डिसेंबर १९९८ ला दाखवलेला, क्रिस कार्टरनंच लिहिलेला आणि त्यानंच दिग्दर्शित केलेला. अख्ख्या एपिसोडमध्ये माणसं चारच, म्हणजे मल्डर आणि स्कली हे नेहमीचे एफबीआयवाले आणि त्या घरातली दोन म्हातारी भुतं, ती भूमिका एड अ‍ॅस्नर आणि लिली टॉमलिन यांची. नाताळची आदली रात्र, मेरीलँडमधला एक ओसाड वाडा, १९१७ साली तिथं जोडीनं जीव दिलेले प्रेमी. स्कलीला घरी जायची घाई आहे पण गाडीची किल्ली सापडत नाही, म्हणून ती मल्डरच्या मागं आत शिरते आणि शिरल्या शिरल्या भूत का नसतं यावर लेक्चर सुरू करते, ते पण भराभर, एका दमात, घाबरलेलं माणूस बोलतं तसं. भाचा मधे मधे मराठीत सांगत होता आणि आज्जीला एवढं हसू आलं की उचकी लागली. "ही तर आमच्या गावातल्या मास्तरीण बाईसारखी आहे," म्हणाली.

आता गंमत बघा, ती भुतं तशी फार काही करतच नाहीत. दारं बंद करतात, एका खोलीतनं बाहेर पडलं की परत त्याच खोलीत आणून सोडतात, फरशीच्या फळ्यांखाली मल्डर-स्कलीच्याच कपड्यातली दोन प्रेतं दाखवतात, म्हातारा टोपी उचलून डोक्यातलं भोक दाखवतो आणि स्कली धाडकन पडते, हे सगळं आहेच. पण खरं काम ती बोलून करतात. मल्डरला गाठून सांगायचं की ती तुला गोळी घालणार, स्कलीला गाठून सांगायचं की तो तुला घालणार. शेवटी दोघंही गोळी लागली म्हणून रक्ताळलेले जिन्यावरनं सरपटत दारापर्यंत येतात आणि मग लक्षात येतं की आयला, गोळी लागलेलीच नाही. मला विचाराल तर भुताटकीच्या विज्ञानावर एवढं नेमकं कुणी टीव्हीवर दाखवलेलं नाही, आणि ते पण कॉमेडीत.

हे चालू असतानाच वरनं आवाज आला. टक. जरा वेळानं परत टक. मग टक, टक, जरा पुढं सरकलेलं. आज्जीनं मामाकडं बघितलं, "माळ्यावर कोण चालतंय गा?"

मामा म्हणाला, "काय नाही, पत्रा थंड व्हायलाय." आणि तो बरोबरच होता, गणित करून बघा. लोखंडी पत्रा एक अंश तापमानाला आपल्या लांबीच्या साधारण दहा लाखात बारा भाग एवढा वाढतो किंवा आखडतो. समजा पत्रा तीन मीटरचा, दुपारी उन्हात ४५ अंशाला गेलेला, रात्री १५ वर उतरला, तर ३० अंशाच्या फरकानं तो एक मिलिमीटरहून थोडा जास्त आखडतो. एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, पण पत्रा हूक आणि वायसरनं आवळलेला असतो त्यामुळं तो हळूहळू सरकत नाही, ताण साठवत बसतो आणि मग एकदम सुटतो, टक. परत अडकतो, परत सुटतो. तापमान एकसारखं उतरत असेल तर हे टक टक पण बऱ्यापैकी तालात येतं, आणि एका हुकाजवळनं सुटून मग शेजारच्या हुकाजवळ सुटलं की आवाज पुढं सरकल्यासारखा वाटतो. ताल आहे आणि पुढं सरकतंय, मग आपला मेंदू काय म्हणणार? पावलं! लाकडाचे वासे तर याहून नाटकी, ते उष्णतेपेक्षा ओलीनं जास्त हलतात, पावसाळाभर पाणी पिऊन फुगायचं आणि थंडीत वाळून कडकडायचं, म्हणून आमच्याकडची भुतं डिसेंबर-जानेवारीत जास्त कामाला लागतात.

बरं, सगळंच काही पत्रा नसतो. मामाच्या माळ्यावर दोन वर्षांपूर्वी खरंच कोणीतरी राहत होतं, उदमांजर. रात्री बाहेर पडणार, फळं खाणार, दिवसभर माळ्यावर झोपणार, आणि दोन-चार किलोचं जनावर फळीवर चाललं की खाली माजघरात अगदी माणूस अनवाणी चालल्यासारखं ऐकू येतं. मामानं वर जाऊन बघितलं तर कोपऱ्यात बियांचा ढीग. दुसरं गव्हाणी घुबड. पांढरं बदामाच्या आकाराचं तोंड, उडताना आवाज शून्य कारण पंखाच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते ती हवेचा सपसप आवाज मारून टाकते, आणि ओरडतं असं की बाई किंचाळली म्हणून शेजारी धावत यावेत. पांढरं, आवाज न करता तरंगत जाणारं आणि किंचाळणारं, अजून हडळ ती काय वेगळी असते?

पण आवाज एक वेळ समजतो हो, अंगावर काटा येतो त्याचं काय, मागं कोणीतरी उभं आहे असं वाटतं त्याचं काय, असं भाच्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्त होता.

यावर एक फार आवडती गोष्ट आहे, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची. विक टँडी म्हणून इंजिनिअर, तो जिथं काम करायचा त्या लॅबमध्ये लोकांना अस्वस्थ वाटायचं आणि एका रात्री त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला काहीतरी करडं उभं असलेलं दिसलं, वळून बघितलं तर गायब. दुसऱ्या दिवशी त्यानं तलवारबाजीचं पातं शेगड्यात, म्हणजे वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये, आवळून ठेवलं होतं, ते आपोआप थरथरायला लागलं. साधा माणूस पळाला असता, हा इंजिनिअर म्हणून पातं खोलीभर फिरवत बसला, आणि सापडलं की खोलीच्या मध्यावर थरथर सगळ्यात जास्त. कारण निघाला नवा बसवलेला एक्झॉस्ट फॅन. तो सेकंदाला साधारण १९ कंपनांचा आवाज काढत होता, आपल्या कानाची खालची हद्द साधारण २० ची, म्हणजे ऐकू काही येत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, १९ नं भागा, लाट १८ मीटरची, म्हणजे नऊ मीटर लांब खोलीत बरोब्बर अर्धी लाट बसते आणि तिथंच नाचत राहते. फॅनचा बंदोबस्त केला, भूत गेलं. त्यानं हे १९९८ साली छापलं, म्हणजे आमचा एपिसोड आला त्याच वर्षी, आणि तेव्हापासून नेटवर कुठंही भुताचं विज्ञान म्हटलं की हा १९ हर्ट्झ येतोच येतो.

आणि इथंच लोक थांबतात, हे मला पटत नाही. कारण पुढं लंडनमध्ये ख्रिस फ्रेंच या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी मुद्दाम झपाटलेली खोली बांधून बघितली. ७९ जणांना एकेक करून आत सोडलं, कुणाच्या वेळी न ऐकू येणारा आवाज चालू, कुणाच्या वेळी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कुणाच्या वेळी दोन्ही, कुणाच्या वेळी काहीच नाही. आत जाण्याआधी सगळ्यांना सांगितलेलं की इथं विचित्र वाटू शकतं. २००९ साली निकाल छापला: बऱ्याच जणांना चक्कर, आत कोणीतरी असल्याचा भास, भीती, असं काय काय झालं, पण मशीन चालू होतं की बंद याच्याशी त्याचा काही संबंध लागेना. मशीन बंद असताना पण माणसं घाबरली! म्हणजे काम केलं ते बहुतेक त्या आधी सांगितलेल्या वाक्यानं. टँडीची लॅब खोटी असं मी म्हणत नाही, पण फॅनपेक्षा जीभ जोरात चालते हे नक्की. एपिसोडमधल्या त्या म्हाताऱ्या जोडप्याला हे लंडनवाल्यांच्या अकरा वर्षं आधी कळलं होतं.

हॉस्टेलला असताना आम्ही प्लँचेट करायचो, वाटी पालथी घालून, सगळ्यांचं बोट वर, आणि वाटी फिरायची, कोण ढकलतंय यावरनं भांडणं पण व्हायची. मायकेल फॅरेडेनं, तोच विजेवाला, १८५३ सालीच हा प्रकार टेबलावर तपासला होता. हात आणि टेबल यांच्यामध्ये सरकणारे थर ठेवले आणि बघितलं आधी कोण हलतं. हात आधी हलत होते. माणसं लबाड नव्हती, त्यांना खरंच कळत नव्हतं की आपण ढकलतोय.

मागं कोणीतरी आहे या भासाची गोष्ट मात्र मला अजून पण गार करते. स्वित्झर्लंडमध्ये एका २२ वर्षांच्या मुलीच्या अपस्माराची तपासणी चालू होती, मेंदूच्या डाव्या बाजूला कानाच्या वरच्या-मागच्या भागात हलकासा करंट दिला की तिला पाठीमागं सावलीसारखा माणूस जाणवायचा. ती झोपली तर तो पण झोपलेला. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली तर तो तिला मिठी मारून बसलेला, आणि ते तिला नको वाटलं. २००६ साली 'नेचर'मध्ये हे आलं. तो माणूस म्हणजे ती स्वतःच, आपलं शरीर कुठं आहे कसं बसलंय याचा जो हिशोब मेंदू ठेवतो तो जरासा चुकला की आपलीच एक कॉपी बाजूला पडते. फळ्यांखाली स्वतःच्याच कपड्यातली प्रेतं, आठवलं का?

एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही म्हणून मधेच सांगतो. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं एका कुटुंबाची हकिकत छापली, जुन्या घरात राहायला गेले आणि डोकेदुखी, रात्री पावलांचे आवाज, अंगावर कोणीतरी बसल्यासारखं, कुंडीतली झाडं पण मरायला लागली. निघाली बिघडलेली भट्टी, तिचा धूर घरातच पसरत होता, त्यातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आमच्याकडं थंडीत दार-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपतात, बंद न्हाणीत गॅस गिझर लावतात. असल्या खोलीत डोकं दुखून कोणी दिसायला लागलं तर अंगारा नंतर लावा, आधी दार उघडा आणि बाहेर पडा.

तर, हसू का येतं? मेंदूचा अभ्यास करणारे व्ही. एस. रामचंद्रन यांनी, परत १९९८ सालीच, मांडलेलं एक म्हणणं आहे की हसणं म्हणजे टोळीला दिलेला सिग्नल, धोका नाही, खोटा अलार्म होता, धावत येऊ नका. फळी वाजली, सगळे ताठ, आणि मांजर निघालं की सगळे खो खो. दुसरं डेन्मार्कमधलं, तिथं पैसे देऊन घाबरायला जायचं घर आहे, ११० जणांच्या अंगाला हृदयाचे ठोके मोजायची मशीनं लावून आत सोडलं, २०२० साली छापलं. ज्यांचे ठोके फारच उसळले त्यांना मजा कमी, ज्यांचे काहीच हलले नाहीत त्यांना पण कमी, मधल्यांना जास्त. चहातल्या साखरेसारखं आहे ते. एपिसोडवाल्यांनी हे प्रमाण बरोबर साधलंय, भोकाची भीती आणि लगेच म्हातारीचा टोमणा.

आज्जीला हे सगळं मी सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "ते मंत्री झोपले होते की स्मशानात, त्यांना काय झालं?" ते खरंच आहे, ६ डिसेंबर २०१४ ला सतीश जारकीहोळी कर्नाटकात मंत्री असताना बेळगावात सदाशिवनगरच्या स्मशानात रात्र काढून आले होते, लोकांच्या डोक्यातली भीती जावी म्हणून. काही झालं नाही. "मग," आज्जी म्हणाली, "तिथं एवढी माणसं होती सोबत. एकट्याला झोपवून बघा की." सोबत हा घटक मोजला पाहिजे हे तिचं म्हणणं एखाद्या परीक्षकानं पण काढलं असतं.

एपिसोड संपला, मल्डर आणि स्कली शेवटी एकमेकांना गिफ्ट देतात, भाच्यानं लॅपटॉप मिटला. वर परत टक झालं. पत्रा थंड होतोय, एक मिलिमीटर, सगळ्यांना माहिती. आणि मग कुणालाच मागं परसात एकटं जायचं नव्हतं, न्हाणीघर आणि संडास तिकडंच. शेवटी मामा पुढं बॅटरी घेऊन, त्याच्या मागं मामी, मग मी, भाचा, आणि सगळ्यात मागं आज्जी, अशी पाच जणांची रांग निघाली. पडवी ओलांडताना आज्जी मधेच थांबली आणि म्हणाली, "माझ्या मागं कोण राहिलंय का बघा रे जरा."