चेंबर कापायला देण्याआधी

हे पत्रक आमच्याकडे घरी किंवा कॉलेजात बांधलेल्या गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी आहे. लोटस सेव्हनच्या धर्तीवरच्या दोन सीटर, फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या मुलांच्या स्पर्धेतल्या गाड्या, मारुतीच्या इंजिनावर उभ्या केलेल्या ट्रॅकच्या गाड्या, सगळ्यांचं दुखणं साधारण एकच असतं. इंजिन बसलं, बॉनेट लागलं, गाडी स्टँडवरून खाली उतरवली आणि तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात खाली लोंबतोय तो ऑइल चेंबर, म्हणजे संप, इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. मग फोन येतो : ‘दोन इंच कापून द्या, किती घ्याल?’

कापायला फार वेळ लागत नाही. पैसे लागतात ते त्यानंतरच्या कामाचे. चेंबर बुटका केला तरी ऑइल तेवढंच राहिलं पाहिजे आणि गाडी कशीही वळली तरी ते स्ट्रेनरपाशीच, म्हणजे पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो तिथेच असलं पाहिजे. एवढं जमलं नाही तर गाडी उंच होते आणि इंजिन जातं.

खरंच कापायचं आहे का?

आधी मोजा. गाडी सपाट फरशीवर घ्या, टायरमध्ये नेहमीची हवा ठेवा, टाकी भरा आणि सीटवर माणसं बसवा. रिकाम्या गाडीचं माप आम्हाला चालत नाही. मग फरशीपासून दोन अंतरं घ्या, एक चेंबरच्या तळापर्यंत आणि दुसरं चासीच्या, म्हणजे सांगाड्याच्या, खालच्या पाईपापर्यंत. चेंबर पाईपापेक्षा निदान १० मि.मी. वर असेल तर बहुतेक वेळा कापायची गरज नसते. दगड किंवा कर्ब लागलाच तर पाईपाला लागू दे. पाईप वाकतो, चासी ओरखडते, पण ऑइल सांडत नाही.

गतिरोधकाची भीती घालून पुष्कळ जण येतात. त्याचाही हिशोब करून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सें.मी. उंच पण ३.७ मीटर रुंद असतो आणि त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. २.३ मीटर व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) गाडी त्यावर असताना दोन चाकांच्या मध्ये रस्ता जेमतेम ४ सें.मी. वर येतो. म्हणजे पोटाखाली १२ सें.मी. क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, असलेली गाडी आरामात जायला हवी. चेंबर फोडतात ते सोसायटीच्या गेटात किंवा कॉलेजच्या आवारात कुणीतरी हौसेने घातलेले काँक्रीटचे वरंबे. ते हातभर रुंद असतात, त्यामुळे वरंब्याची सगळीच्या सगळी उंची गाडीच्या पोटाखाली येते. ट्रेलरच्या फळीवरून गाडी चढवतानाही हेच होतं. पुढची चाकं सपाटीवर पोचतात, मागची अजून उतारावर असतात आणि मधला भाग फळीच्या कडेवर टेकतो. यावर लांब फळ्या हा चेंबर कापण्यापेक्षा फार स्वस्त उपाय आहे.

टायर हा दुसरा उपाय. १३ इंची रिमवरच्या १७५/६० टायरऐवजी १४ इंची रिमवर १८५/६० बसवला तर टायरचा व्यास साधारण ३७ मि.मी. वाढतो आणि गाडी त्याच्या निम्मी, म्हणजे १८-१९ मि.मी. वर येते. मडगार्ड आणि स्टिअरिंगच्या पूर्ण वळणावर जागा आहे ना, तेवढं बघून घ्या. इंजिनच माउंटिंगवर १५-२० मि.मी. उचलता येतं, पण मग बॉनेट अडतं, प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) कोन बदलतो आणि गाडीतली सगळ्यात जड वस्तू आपण वर नेतो. ट्रॅकच्या गाडीत हे आम्हाला आवडत नाही.

नंबर असलेली रस्त्यावरची गाडी स्प्रिंग कापून खाली बसवली आहे आणि आता चेंबर लागतो, अशी गाडी आणलीत तर आम्ही चेंबरला हात लावणार नाही. स्प्रिंग मूळच्या बसवा. आणि घरी बांधलेल्या गाडीला आपल्याकडे टाइप अप्रूव्हलशिवाय (मॉडेलची सरकारमान्य चाचणी) आरटीओत नंबर मिळत नाही, हे ठाऊक असू द्या. आमचं काम ट्रॅक, स्पर्धा आणि खासगी आवारासाठी आहे.

दोन इंच म्हणजे किती ऑइल?

चेंबरचा तळ २५ सें.मी. लांब आणि २० सें.मी. रुंद धरा. त्यातून ५ सें.मी. कापले तर २५ × २० × ५, म्हणजे २५०० घन सें.मी. अर्थात अडीच लिटर जागा गेली. १३०० सीसीच्या इंजिनात एकूण ऑइल साडेतीन ते चार लिटर असतं. म्हणजे निम्म्याहून जास्त ऑइलची जागा आपण भंगारात टाकली.

‘मग डिपस्टिकच्या खुणेवर थोडं जास्त भरू,’ हे आम्ही नेहमी ऐकतो. असं करू नका. ऑइलची पातळी क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, फिरण्याच्या वर्तुळाखालीच राहिली पाहिजे. क्रँक ऑइलमध्ये बुडाला की ते घुसळलं जातं, फेस होतो, पंप फेस ओढतो आणि बेअरिंगला ऑइलऐवजी हवा मिळते.

खाली गेलेली जागा म्हणून बाजूला काढावी लागते. चेंबरच्या दोन्ही कुशींना आम्ही खिसे जोडतो. प्रत्येक खिसा २५ × ८ × ६ सें.मी.चा केला तर १.२ लिटरचा होतो, दोन मिळून २.४ लिटर. हिशोब जवळपास जुळतो. कागदावर हे सोपं दिसतं, गाडीखाली गेल्यावर एका बाजूला एक्झॉस्ट आणि दुसऱ्या बाजूला स्टार्टर किंवा स्टिअरिंगचा शाफ्ट निघतो. म्हणून चेंबर एकटा न पाठवता गाडी आणा, किंवा निदान खालून काढलेले फोटो मापपट्टी धरून पाठवा. एक्झॉस्टच्या बाजूचा खिसा छोटा ठेवून दुसरा मोठा करता येतो. खिशांचा तळ मात्र स्ट्रेनरकडे उतरता हवा, नाहीतर त्यात ऑइल अडकून बसतं आणि कामाला येत नाही.

ब्रिटनमध्ये हे सगळं करावं लागत नाही. तिथे १९५७ साली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या किटमध्ये विकायला आली, कारण तयार गाडीवर लागणारा परचेस टॅक्स किटवर लागत नसे. १९७३ पासून केटरहॅम ती बनवते आहे. फोर्डची इंजिनं अशा गाड्यांत इतकी बसली की त्यांचे बुटके चेंबर दुकानात तयार मिळतात. मारुती जिप्सीचं इंजिन लावायचं तर आपल्याला तशी सोय नाही. तो चेंबर उंच गाडीसाठी, पुढचा सबंध ॲक्सल वाचवून घडवलेला आहे. ठेंगण्या चासीत तो नको तिथे खाली येतो, म्हणून प्रत्येक वेळी मापाप्रमाणेच काम करावं लागतं.

बाईकचं इंजिन असेल तर

फॉर्म्युला स्टुडंटच्या मुलांनी हा भाग नीट वाचावा. ७१० सीसीच्या मर्यादेत बसायचं म्हणून केटीएम ३९० किंवा ६०० सीसीची चार सिलिंडरची इंजिनं येतात. त्यांचा चेंबर नरसाळ्यासारखा निमुळता आणि खोल असतो, आणि बाईकवर तो उत्तम काम करतो. बाईक वळणावर आत झुकते, त्यामुळे चेंबरच्या दृष्टीने ओढ सरळ खालीच राहते आणि ऑइल तळाशीच बसतं.

गाडी झुकत नाही. वळणात बाजूची ओढ एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढी झाली की ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो आणि सगळं ऑइल चेंबरच्या एका भिंतीवर चढतं. ब्रेक मारला की ते पुढे जातं. स्ट्रेनर एका क्षणासाठी जरी उघडा पडला तरी दहा हजार आरपीएमवर बेअरिंगला तो क्षण फार मोठा असतो. कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर लांब वळणातून बाहेर पडताना ऑइलचा दिवा लुकलुकतो तो यामुळे. ते वायरिंगचं दुखणं समजून सोडून देऊ नका.

म्हणून बाईकच्या इंजिनाला चेंबर कापून भागत नाही, नवा सपाट चेंबर करावा लागतो. त्यात स्ट्रेनरभोवती चार भिंतींची एक खोली असते. प्रत्येक भिंतीत बिजागरीची छोटी झडप असते आणि ती फक्त आत उघडते. ऑइल आत येऊ शकतं, कलल्यावर बाहेर पळू शकत नाही. वर आडवा पडदा, म्हणजे बॅफल. ही झडप हाताने ढकलून बघण्याची सवय ठेवा. वेल्डिंगचा एखादा थेंब बिजागरीवर पडला तर झडप अर्धवट उघडी राहते, आणि ते इंजिन बसवल्यावर कुणालाच दिसत नाही. ऑइलचा प्रेशर सेन्सर डेटा लॉगरला, म्हणजे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राला, जोडलेला असेल तर वळणांतला आलेख आम्हालाही पाठवा. इंजिन उघडण्याआधी त्याच्यातच सगळं कळतं.

ड्राय संपचं विचारणारेही असतात. त्यात चेंबर अगदी चपटा होतो, ऑइल वेगळ्या टाकीत राहतं आणि जादा पंप ते खालून ओढून टाकीत टाकतो. व्यवस्था चांगली आहे, पण पंप, त्याचा ड्राइव्ह, टाकी आणि होज मिळून खर्च चेंबरच्या कामाच्या कितीतरी पट जातो. पहिल्या गाडीला आम्ही सुचवत नाही.

काम कसं होतं

पत्र्याचा चेंबर असेल तर तळ कापून १.६ मि.मी., म्हणजे १६ गेजचा पत्रा लावतो. वेल्डिंगची उष्णता लागली की वरची कड वाकते, म्हणून चेंबर जुन्या ब्लॉकवर सगळ्या बोल्टनी आवळून थोडं थोडं वेल्ड करतो. तरीही शेवटी कड सरळ आहे का हे प्लेटवर तपासतो. ओतीव ॲल्युमिनियमचा चेंबर असेल तर आर्गन वेल्डिंग. जुन्या ॲल्युमिनियमच्या छिद्रांत ऑइल मुरलेलं असतं, गरम केलं की ते वर येतं आणि वेल्ड काळं पडतं, म्हणून साफसफाईतच जास्त वेळ जातो. घरी कॉस्टिक सोड्याने धुऊन आणू नका, तो ॲल्युमिनियमच खातो. काही इंजिनांत ॲल्युमिनियमचा चेंबर गिअरबॉक्सलाही बोल्टने जोडलेला असतो आणि दोघांना ताठ धरतो. तो आम्ही कापत नाही.

चेंबर जितका बुटका झाला तितकाच सक्शन पाईपही आखूड करावा लागतो. स्ट्रेनर आणि तळ यांत ८ ते १० मि.मी. अंतर ठेवतो. कमी झालं तर ऑइल ओढायला त्रास, जास्त झालं तर स्ट्रेनर लवकर उघडा पडतो. अंतर मोजायला आम्ही मुलांच्या खेळण्यातला क्ले वापरतो. तळावर त्याची गोळी ठेवायची, पॅकिंगसकट चेंबर आवळायचा, पुन्हा काढायचा, आणि दबलेली गोळी ब्लेडने कापून तिची जाडी मोजायची. पाईपाच्या जोडावर बारीक चीर राहिली तर ऑइल बाहेर गळत नाही, उलट पंप तिथून हवा ओढतो. म्हणून जोड ब्रेझिंगने करून त्याची वेगळी तपासणी होते.

गळती बघायला जुनी पद्धतच बरी. बाहेरून वेल्डवर खडूची पूड चोळायची, आत रॉकेल ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी सकाळी पांढऱ्या खडूवर ओला डाग दिसतो. डाग असलेला चेंबर आम्ही देत नाही.

ड्रेन नट तळाला न ठेवता मागच्या किंवा बाजूच्या भिंतीत खाली घेतो, नाहीतर कमावलेल्या उंचीतले १०-१२ मि.मी. त्या नटाच्या डोक्यातच जातात. गार्ड हवा असेल तर ३ मि.मी. लोखंडी पत्र्याचा करून चासीला लावतो, चेंबरला नाही, आणि मध्ये बोटभर जागा सोडतो. रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं, ते गार्डवर आपटू नये.

बसवताना आणि नंतर

चेंबरच्या कडेवर आरटीव्ही सिलिकॉनची (ट्यूबमधून येणारं, गळती रोखणारं लुकण) ३ मि.मी.ची एक सलग रेघ पुरे. जास्त थापलं की ते आतल्या बाजूला निघतं, तुकडा सुटतो आणि स्ट्रेनरवर जाऊन बसतो. सहा मि.मी.चे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरवर, समोरासमोरचे घेत आवळा. जुनी डिपस्टिक आता खोटं बोलेल. आम्ही चेंबरमध्ये मापून ऑइल ओतून किती लिटरला किती उंची येते ते लिहून देतो, त्यावरून नव्या खुणा करा. ऑइल ओतल्यावर स्पार्क प्लग काढून, प्रेशर येईपर्यंत इंजिन स्टार्टरवर फिरवा, मगच चालू करा.

काम सांगायला येताना सक्शन पाईप, डिपस्टिक आणि जुने बोल्ट सोबत आणा. चेंबरमधलं ऑइल पूर्ण निथळू द्या आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणा. दर मापं घेतल्यावर सांगतो, फोनवर नाही.