लॉ करताना एक सेमिस्टर परदेशात, पण क्रेडिटचं काय?

पाच वर्षांच्या लॉमधली पोरं हमखास विचारतात, एक्सचेंजला गेलो तर सेमिस्टर बुडणार का? नाही बुडत, पण क्रेडिटचा (म्हणजे पूर्ण केलेल्या पेपरबद्दल खात्यात जमा होणाऱ्या एककांचा) निकाल हॅम्बुर्ग-सिंगापूरला लागत नाही, तो आपल्याच कॉलेजच्या एक्झाम सेक्शनमध्ये लागतो आणि तोही विमानात बसायच्या आधी.

पात्रता म्हणाल तर बहुतेक ठिकाणी तिसऱ्या-चौथ्या वर्षाला पाठवतात, बॅकलॉग नको, सीजीपीए बरा हवा आणि दोन संस्थांत करार हवा. करार असला की तिकडची ट्यूशन फी बहुधा माफ, आपण इथलीच फी भरायची, राहणं-खाणं-तिकीट आपलं. नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत हे त्यातल्या त्यात सोपं कारण परीक्षा त्यांचीच असते, संलग्न कॉलेजात पेपर विद्यापीठाचा, त्यामुळे नुसतं प्रिन्सिपल सरांचं पत्र घेऊन निघू नका, विद्यापीठाची लेखी मंजुरी घ्या.

आता खरी मेख. बार कौन्सिलच्या (वकिली शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) २००८ च्या नियमांत २० विषय कम्पल्सरी आहेत, शिवाय ४ क्लिनिकल, म्हणजे प्रॅक्टिकलचे पेपर. सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता), एव्हिडन्स (पुरावा कायदा), कॉन्स्टिट्यूशन हे तिकडच्या कुठल्याही कोर्सने भागत नाही, बदली करायची ती ऑप्शनल किंवा ऑनर्सच्या पेपरची. माझ्या एका मैत्रिणीने तिकडे एव्हिडन्सवरचा कोर्स केला, छान ग्रेड आणली आणि परत येऊन ज्युनियर्सच्या बाकावर बसून आपला एव्हिडन्सचा पेपर दिला, कारण जायच्या आधी कोणाला विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी लर्निंग ॲग्रीमेंट करा. एका बाजूला तिकडचे कोर्स, दुसऱ्या बाजूला इथले कुठले पेपर त्याबदल्यात धरणार ते, खाली डीन आणि एक्झाम सेक्शन दोघांची सही. सोबत प्रत्येक कोर्सचा सिलॅबस आणि वर्गातले तास जोडा, कारण युरोपातला १ ईसीटीएस (तिकडचं क्रेडिट) म्हणजे घरचा अभ्यास धरून २५ ते ३० तास आणि आपलं १ क्रेडिट म्हणजे १५ लेक्चर, चाराला चार लागत नाहीत. मार्कांचंही लिहून घ्या, जर्मन लॉमध्ये मार्क १८ पैकी असतात, ४ ला पास आणि ९ मिळाले तर तिकडे पाठ थोपटतात. आपला क्लार्क ते सरळ ५० टक्के धरून मोकळा होतो!

कागदपत्रं : पासपोर्ट, सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत उतारा), बोनाफाइड, नो-बॅकलॉग सर्टिफिकेट, कॉलेजचं नॉमिनेशन लेटर (कॉलेज तुम्हाला पाठवतंय असं पत्र), सीव्ही, एसओपी (का जायचंय ते सांगणारा छोटा निबंध), शिफारसपत्रं, इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा काही ठिकाणी शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र. नॉमिनेशन आधी आणि अर्ज नंतर, थेट तिकडे अर्ज टाकला तर ते परत कॉलेजकडेच पाठवतात.

व्हिसाचं उदाहरण जर्मनीचं घ्या. ९० दिवसांच्या वर राहायचं तर नॅशनल व्हिसा, फी ७५ युरो, आणि खर्चाचा पुरावा म्हणून ब्लॉक्ड अकाउंट (आधी पैसे भरायचे, तिकडे गेल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं), सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरोचा हिशोब, म्हणजे चार महिन्यांचे ३,९६८. स्कॉलरशिप असेल तर तिचं पत्रही चालू शकतं.

बार कौन्सिलची २० आठवड्यांची इंटर्नशिप मात्र वेगळी पूर्ण करावीच लागते, तिच्यासाठी सुट्टीचा हिशोब आधीच मांडून ठेवा. आणि तिकडून निघताना ट्रान्सक्रिप्टचा अर्ज टाकूनच निघा, ती उशिरा आली तर इकडे रिझल्ट ‘विथहेल्ड’ दिसतो आणि घरच्यांना समजावत बसावं लागतं.